सी ड्राइव्हमधली जागा उबुंटूला द्यायची आहे, मधे रिकव्हरी पार्टिशन आडवं येतंय

रानवारा

५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी आहे, विंडोज ११ आणि उबुंटू २४.०४ दोन्ही एकाच डिस्कवर. यूईएफआय मोड (बायॉसची नवी पद्धत), जीपीटी टेबल (डिस्कच्या भागांची, म्हणजे पार्टिशनांची, नव्या पद्धतीची यादी). डिस्कवर डावीकडून उजवीकडे पार्टिशनं अशी लागली आहेत:

पहिलं ईएफआय (बूटच्या फाइली), १०० एमबी
दुसरं एमएसआर, १६ एमबी (विंडोजने स्वतःसाठी राखलेलं; विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये दिसत नाही, लिनक्सच्या जीपार्टेड या पार्टिशनच्या साधनात दिसतं)
तिसरं सी, ३२० जीबी, त्यात १९० जीबी रिकामी
चौथं रिकव्हरी, ८०० एमबी
पाचवं उबुंटूचं रूट (त्याचं मुख्य पार्टिशन), ४० जीबी, ईएक्सटी४ (लिनक्सची फाइलसिस्टिम)
सहावं डी, ११५ जीबी, एनटीएफएस (विंडोजची फाइलसिस्टिम), दोन्हीकडून वापरायचा डेटा

उबुंटूत फक्त दीड जीबी उरली आहे, अपडेटसुद्धा अर्धवट थांबतात. सी मधून ८० जीबी काढून रूटला जोडायची आहे. अडचणी तीन. सी वर श्रिंक व्हॉल्यूम केलं तर १९० जीबी रिकामी असूनही जेमतेम ९ जीबी कमी करता येईल असं सांगतंय. दुसरं, सी वर कुलपाचं चिन्ह आहे, म्हणजे बिटलॉकर (विंडोजचं एन्क्रिप्शन) चालू असावं. तिसरं, सी आणि रूट यांच्या मधे रिकव्हरी बसलंय, त्यामुळे मोकळी झालेली जागा रूटला लागून येणारच नाही. रिकव्हरी उडवलं तर चालेल का? डेटा न गमावता हे कोणत्या क्रमाने करावं?

कळफलक

रिकव्हरी उडवू नका. विंडोज सुरू व्हायचं थांबलं की दुरुस्तीची निळी स्क्रीन तिथूनच येते. जानेवारी २०२४ मध्ये केबी५०३४४४१ हा अपडेट असंख्य मशीनवर अडला होता, कारण रिकव्हरी पार्टिशनमध्ये त्याला २५० एमबी मोकळी जागा हवी होती आणि ती नव्हती. तुमचं ८०० एमबीचं आहे, ते चांगल्या मापाचं आहे, राहू द्या.

आता मूळ मुद्दा. जागा हलवण्याआधी ती कशाने भरली ते बघा. टर्मिनलमध्ये 'सुडो डीयू -एक्सएच --मॅक्स-डेप्थ=१ /' चालवा. त्यातला 'एक्स' महत्त्वाचा, तो नसेल तर डी चा डेटाही बेरजेत धरला जातो आणि आकडे फसवतात. जो फोल्डर मोठा दिसेल त्यात शिरून पुन्हा तीच कमांड.

नेहमीची ठिकाणं सांगतो. जर्नलचे लॉग: 'जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइझ=२००एम'. जुनी कर्नल: 'एपीटी ऑटोरिमूव्ह --पर्ज'. स्नॅपच्या जुन्या आवृत्त्या: 'स्नॅप लिस्ट --ऑल' मध्ये ज्यांच्यापुढे डिसेबल्ड लिहिलंय त्या काढता येतात. डॉकर (कंटेनर चालवायचं साधन) असेल तर 'डॉकर सिस्टिम डीएफ' ने किती जागा परत मिळू शकते ते आधी बघा.

आणखी एक दडलेली जागा आहे. ईएक्सटी४ फॉरमॅट करताना ५ टक्के जागा रूट युजरसाठी राखून ठेवली जाते. ४० जीबीवर ती २ जीबी झाली. 'सुडो ट्यून२एफएस -एम १' आणि पुढे पार्टिशनचं नाव दिलं की ती १ टक्क्यावर येते, म्हणजे साधारण १.६ जीबी लगेच हाताला लागते. चालू सिस्टिमवर करता येतं, रीस्टार्ट लागत नाही. शून्य मात्र करू नका. डिस्क गच्च भरली तरी लॉगिन करून साफसफाई करता यावी यासाठीच ती राखीव असते.

एवढं करूनही पुरत नसेल तर दुसरा मार्ग असा, की रूटला हात न लावता सी आणि रिकव्हरीच्या मधे जी जागा मोकळी होईल तिथेच नवं ईएक्सटी४ पार्टिशन करा आणि ते /होम म्हणून, म्हणजे तुमच्या फाइलींच्या फोल्डरच्या जागी, माउंट करा (जोडा). त्याचा नंबर सातवा येईल आणि जागा तिसऱ्या-चौथ्याच्या मधली असेल. यात काही बिघडत नाही, लिनक्स पार्टिशनला यूयूआयडीने, म्हणजे त्याच्या ओळख क्रमांकाने, ओळखतो. एसएसडीवर पार्टिशन पुढे आहे की मागे याने वेगातही फरक पडत नाही. रिकव्हरी जागचं हलत नाही, रूट हलत नाही, बूटचं काही बदलत नाही.

उत्तरध्रुव

९ जीबीचं कोडं सोडवतो. श्रिंक करताना रिकामी जागा किती हे दुय्यम असतं, शेवटची न हलणारी फाइल कुठे बसली आहे हे खरं. तुमच्या सी मध्ये साधारण ३११ जीबीच्या खुणेजवळ अशी एक फाइल आहे, तिच्या पलीकडचंच काय ते कापता येतंय. विंडोज चालू असताना जागची न हलणारी मंडळी ठरलेली: हायबरनेशनची फाइल, पेजफाइल, रीस्टोर पॉइंटच्या सावली-प्रती, आणि एनटीएफएसची स्वतःची एमएफटी, म्हणजे फाइलींची यादी.

नक्की कोण ते विंडोजच सांगतं. श्रिंकचा प्रयत्न एकदा करा, मग इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्ज, त्यात अॅप्लिकेशन, आणि इव्हेंट आयडी २५९ शोधा. सोर्स डीफ्रॅग असा दिसेल. आत शेवटच्या न हलणाऱ्या फाइलचं नाव स्पष्ट लिहिलेलं असतं. बहुतेक लोक हे न बघता डीफ्रॅग मारत बसतात.

मग हा क्रम: अॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पॉवरसीएफजी /एच ऑफ'. हायबरनेशनची फाइल जाते, आणि फास्ट स्टार्टअपही बंद होतं. दोन सिस्टिम असलेल्या मशीनवर ते तसंही कायमचं बंदच हवं. मग सिस्टिम प्रोटेक्शनमध्ये सी साठी प्रोटेक्शन बंद, मग व्हर्च्युअल मेमरीत नो पेजिंग फाइल. रीस्टार्ट. पुन्हा श्रिंक. आकडा एमबीमध्ये द्यावा लागतो, ८० जीबी म्हणजे ८१९२०. काम झालं की पेजफाइल पुन्हा सिस्टिम मॅनेज्ड करा आणि प्रोटेक्शनही चालू करा. हे विसरलं तर महिनाभराने जड प्रोग्राम मेमरीअभावी बंद पडायला लागतात आणि कारण कुणाच्या लक्षात येत नाही.

बिटलॉकर चालू असतानाही विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून श्रिंक होतं, कुलूप काढावं लागत नाही. पण जीपार्टेडला ते पार्टिशन उघडताच येत नाही, त्यामुळे सी वरचं सगळं काम विंडोजमधूनच. काहीही करण्याआधी ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा, त्याच लॅपटॉपमध्ये सेव्ह करून उपयोग नाही. बूटचा क्रम किंवा सिक्युअर बूटची सेटिंग बदलली की टीपीएमला, म्हणजे की सांभाळणाऱ्या सुरक्षा चिपला, मशीन ओळखीचं वाटत नाही आणि तो की मागतो. 'मॅनेज-बीडीई -स्टेटस' ने कुठले ड्राइव्ह लॉक आहेत ते दिसेल. डी सुद्धा आहे का तेही त्यात बघा.

माजघर

वरचं सगळं बरोबर आहे, पण तुम्ही दिलेली यादी पुन्हा एकदा वाचा. पाचवं रूट आहे आणि त्याच्या लगेच उजवीकडे सहावं, डी. तुम्हाला जागा सी मध्ये दिसतेय म्हणून सगळी धडपड डावीकडची चालली आहे. ईएक्सटी४ उजवीकडे वाढवणं हे मिनिटभराचं काम आहे, चालू सिस्टिमवर होतं. डावीकडे वाढवायचं म्हणजे पार्टिशनची सुरुवात बदलते, आणि सुरुवात बदलली की आतला सगळा डेटा उचलून मागे सरकवावा लागतो. दोन्हींतल्या जोखमीत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

म्हणून सी ला हातच लावू नका. सी मध्ये १९० जीबी रिकामी आहे ना? डी चा डेटा तिथे कॉपी करा, डी डिलीट करा, रूट उजवीकडे वाढवा, उरलेल्या जागेत डी पुन्हा करा, डेटा परत आणा. श्रिंकचं कोडं नाही, बिटलॉकर नाही, रिकव्हरी हलवणं नाही. एकही पार्टिशन सरकत नाही.

डी मध्ये डेटा किती आहे आणि उबुंटूच्या एफएसटॅबमध्ये (बूट होताना काय काय माउंट करायचं त्या यादीत) त्याची ओळ आहे का, एवढं सांगा.

रानवारा

कळफलक, डीयू चालवलं. /व्हार १९ जीबी, /यूएसआर ९, /होम ७. /व्हार मध्ये जवळजवळ सगळं डॉकरचं आहे, आणि त्यातलं बरंचसं रोज लागतं. म्हणजे /होम वेगळं करून माझा प्रश्न सुटणार नाही.

माजघर, डी मध्ये ६२ जीबी आहे. त्यातलं ३० जीबी फक्त विंडोजमध्ये लागतं, ते सी वर कायमचं गेलं तरी हरकत नाही. एफएसटॅबमध्ये ओळ आहे, बूट होतानाच डी माउंट होतो. डी वर बिटलॉकर नाही, स्टेटसमध्ये पाहिलं. तुम्ही म्हणता तो मार्ग पटला. पायऱ्या नीट सांगाल का? आणि लाइव्ह यूएसबी (पेनड्राइव्हवरून चालणारं उबुंटू) लागेल का?

माजघर

मग हिशोब आधी करू. परत आणायचा डेटा ३२ जीबी. डी ५५ जीबीचा ठेवला तर त्याला श्वास घ्यायला जागा राहते. ११५ मधून ५५ गेले, ६० जीबी रूटला. रूट ४० चं १०० जीबी होईल. ८० जीबी दिली असती तर डी ३५ वर आला असता आणि ३२ जीबी त्यात कोंबून भरावे लागले असते, ते नको. जीपार्टेड आकडे एमआयबीमध्ये मागतो: १०० जीबी म्हणजे १०२४०० एमआयबी. हा आकडा लिहून ठेवा.

पायरी १, बॅकअप. सी वरची कॉपी ही बॅकअप नव्हे, डिस्क तीच आहे. ३२ जीबीतलं जे परत मिळणार नाही ते बाहेरच्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर घ्या. सोबत पार्टिशन टेबलची प्रत: उबुंटूत 'सुडो एसजीडिस्क --बॅकअप=जीपीटी.बिन /डेव्ह/एनव्हीएमई०एन१'. (एसजीडिस्क हे जीडिस्क पॅकेजमध्ये येतं.) ही फाइल काही केबींची असते, ती पेनड्राइव्हवर टाका. चुकीचं पार्टिशन डिलीट झालं तर याच फाइलवरून टेबल जसंच्या तसं परत बसवता येतं. डेटा मात्र ती परत आणत नाही, हे लक्षात असू द्या.

पायरी २, एफएसटॅब. ही पायरी लोक विसरतात आणि मग मशीन अडकलं म्हणून घाबरतात. डी डिलीट झाला की त्याचा यूयूआयडी गेला. पुढच्या बूटला उबुंटू त्याची ९० सेकंद वाट बघतो आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन थांबतो. म्हणून डी डिलीट करण्याआधी /ईटीसी/एफएसटॅब उघडा, त्याच्या ओळीच्या सुरुवातीला # लावा, सेव्ह करा. कुणी इमर्जन्सी मोडमध्ये अडकलंच तर बिघडलेलं काही नसतं. एंटर दाबून शेल मिळतं, तिथे नॅनोने तीच ओळ बंद करायची आणि रीस्टार्ट.

पायरी ३, विंडोजमधून कॉपी. एक्सप्लोररमधून ओढून टाकलं तर मधेच एखाद्या लांब नावाच्या फाइलवर थांबून बसतं. रोबोकॉपी ही विंडोजची कमांड वापरा: सोर्स डी, टार्गेट सी वरचा नवा फोल्डर, पर्याय /ई, /आर:१, /डब्ल्यू:१, आणि /एक्सडी देऊन सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन व रिसायकल बिन हे दोन फोल्डर वगळा. शेवटी तक्ता येतो, त्यात फेल्डच्या रकान्यात शून्य आहे का ते बघा. शून्य नसेल तर पुढे जाऊ नका.

इथे एक गंमतीची नाही, चांगलीच धडकी भरवणारी गोष्ट होते. सोर्स म्हणून थेट ड्राइव्हचं मूळ दिलं की रोबोकॉपी त्याचे हिडन आणि सिस्टिम हे गुणही टार्गेट फोल्डरला चिकटवतं. कॉपी पूर्ण होते आणि फोल्डर कुठेच दिसत नाही. डेटा तिथेच असतो. 'अॅट्रिब -एस -एच' आणि पुढे फोल्डरचा पत्ता दिला की दिसायला लागतो. आधीच टाळायचं तर कॉपीच्या कमांडमध्ये /ए-:एसएच जोडा.

पायरी ४, डी वर विंडोजचं काही अवलंबून आहे का ते तपासा. डॉक्युमेंट्स किंवा डाउनलोड्स फोल्डरची जागा डी वर बदललेली आहे का, एखादा प्रोग्राम तिथे इन्स्टॉल आहे का, पेजफाइल तिथे आहे का. नसेल तर डिस्क मॅनेजमेंट उघडा, डी वर उजवं क्लिक, डिलीट व्हॉल्यूम. क्लिक करण्याआधी आकार वाचा: ११५ जीबी आणि एनटीएफएस. शेजारचं ४० जीबीचं पार्टिशन उबुंटूचं आहे. विंडोजला ईएक्सटी४ समजत नाही, त्यामुळे त्याच्यावर नाव काहीच नसतं आणि ते रिकामं असल्यासारखं दिसतं. तेच डिलीट झालं की सगळंच गेलं.

पायरी ५, रीस्टार्ट करून उबुंटूत या. शटडाउन करून पुन्हा चालू करणं आणि रीस्टार्ट यात इथे फरक आहे. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउननंतर विंडोज अर्धवट झोपेत असतं. उत्तरध्रुव यांनी सांगितलेलं 'पॉवरसीएफजी /एच ऑफ' त्यासाठी आधीच करून घ्या.

पायरी ६, वाढवणं. लाइव्ह यूएसबी लागत नाही. चालू उबुंटूतच जीपार्टेड इन्स्टॉल करून उघडा, पाचव्या पार्टिशनवर रिसाइझ/मूव्ह. फ्री स्पेस प्रिसीडिंग हा रकाना ०, न्यू साइझ १०२४००. प्रिसीडिंगमध्ये शून्याशिवाय काहीही दिसलं तर चुकून डावी कड हलली आहे, कॅन्सल करून पुन्हा करा. अलाइन टू एमआयबी आहे तसंच राहू द्या. मग वरची बरोबरची हिरवी खूण. रूट माउंट असताना ईएक्सटी४ मोठं करता येतं. लहान करायचं असेल तर मात्र ते अनमाउंट असावंच लागतं, म्हणजे रूटसाठी लाइव्ह यूएसबी.

टर्मिनलमधूनच करायचं असेल तर 'ग्रोपार्ट' आहे, पण ते समोर दिसेल तेवढी सगळी जागा गिळतं. त्यामुळे तो मार्ग घ्यायचा तर आधी नवा डी डिस्कच्या टोकाला ५५ जीबीचा करून घ्यायचा, मग ग्रोपार्ट आणि शेवटी 'रिसाइझ२एफएस'. ग्रोपार्टला पार्टिशनचा नंबर वेगळा द्यायचा असतो, मधे मोकळी जागा सोडून. एनव्हीएमईच्या नावात आधीच आकडे असल्याने इथे घोळ होतो.

झाल्यावर 'डीएफ -एच /' मध्ये ९८ जीबीच्या आसपास दिसेल. उरलेलं आयनोड टेबल वगैरेंनी घेतलेलं असतं, हरवलेलं नसतं.

पायरी ७, नवा डी. तो विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधूनच करा, मोकळ्या जागेवर न्यू सिंपल व्हॉल्यूम, एनटीएफएस, अक्षर डी. मग ३२ जीबी परत आणा, आणि उबुंटूत 'ब्लॉकआयडी' ने नवा यूयूआयडी बघून एफएसटॅबची ओळ दुरुस्त करा. पर्यायांत यूआयडी=१०००, जीआयडी=१०००, विंडोज_नेम्स आणि नोफेल एवढं असावं. नोफेल असेल तर उद्या डी पुन्हा कधी नाहीसा झाला तरी बूट अडणार नाही. विंडोज_नेम्समुळे उबुंटूकडून कोलन किंवा प्रश्नचिन्ह असलेली नावं तयार होत नाहीत. अशा फाइली विंडोजला नीट उघडता येत नाहीत. रीस्टार्टआधी 'फाइंडएमएनटी --व्हेरिफाय' आणि 'सुडो माउंट -ए', दोन्ही तक्रार न करता चालले की झालं.

कळफलक

/व्हार चा आकडा बघता माझा /होम चा सल्ला मागे घेतो, माजघर यांचाच मार्ग घ्या. एकच जोड. आत्ता दीड जीबी उरली आहे, तेवढ्यात जीपार्टेड इन्स्टॉल करताना एपीटी अडू शकतं. आधी 'एपीटी क्लीन' आणि ट्यून२एफएसची राखीव जागा मोकळी करा. डॉकरचं 'सिस्टिम प्रून' चालवणार असाल तर ते बंद पडलेले कंटेनरही काढून टाकतं. व्हॉल्यूममधला डेटा मात्र --व्हॉल्यूम्स दिल्याशिवाय जात नाही.

उत्तरध्रुव

ज्यांच्याकडे उजवीकडे असा डी नाही आणि रूटच वाढवणं भाग आहे, त्यांच्यासाठी डावीकडचा क्रमही लिहून ठेवतो, कारण हा प्रश्न पुन्हा येतोच.

विंडोजमध्ये 'रीएजंटसी /डिसेबल'. याने रिकव्हरीची इमेज सी मध्ये परत येते. विंडोजने त्या पार्टिशनची डिस्कवरची जागा टिपून ठेवलेली असते, ते नुसतं सरकवलं तर पत्ता चुकतो. मग सी श्रिंक. मग लाइव्ह यूएसबीवरून जीपार्टेड: आधी रिकव्हरी डावीकडे सी ला चिकटवायचं, मग रूटची डावी कड मागे ओढायची. रिकव्हरीचे हिडन आणि डायग हे दोन्ही फ्लॅग शिल्लक आहेत का ते बघायचं, ते गेले तर विंडोज त्याला अक्षर देऊन एक्सप्लोररमध्ये दाखवायला लागतं. शेवटी विंडोजमध्ये 'रीएजंटसी /एनेबल', आणि '/इन्फो' ने खात्री.

रूट सरकवताना बूट बिघडू शकेल असा इशारा जीपार्टेड दरवेळी देतो. यूईएफआय मशीनवर सहसा काही होत नाही. ईएफआय पार्टिशनमधल्या उबुंटूच्या फोल्डरमध्ये ग्रबची, म्हणजे उबुंटूच्या बूटलोडरची, एक छोटी सीएफजी फाइल असते, त्यात रूटचा यूयूआयडी असतो, आणि सरकवल्याने यूयूआयडी बदलत नाही. खरी भीती विजेची. ४० जीबी सरकताना मधेच बंद पडलं तर फाइलसिस्टिम अर्धी जुन्या जागी, अर्धी नव्या जागी राहते, आणि तिथून परतीची वाट नसते. चार्जर लावलेला, बॅटरी भरलेली, स्लीप बंद, आणि रूटची क्लोनझिलाने काढलेली इमेज बाहेरच्या डिस्कवर. यातलं एकही नसेल तर सुरू करू नका.

शिंपला

याच धाग्यात विचारते, विषय जवळचाच आहे. जुना लॅपटॉप आहे, विंडोज १० आणि उबुंटू, बायॉस मोड, एमबीआर डिस्क (पार्टिशन टेबलची जुनी पद्धत). उबुंटू नको म्हणून विंडोजमधून त्याचं पार्टिशन डिलीट केलं. आता चालू केल्यावर काळ्या स्क्रीनवर 'ग्रब रेस्क्यू' एवढंच येतं. विंडोज गेलं का?

माजघर

नाही, विंडोज जागेवर आहे. एमबीआर डिस्कवर ग्रब तीन तुकड्यांत राहतो: पहिल्या सेक्टरमध्ये ४४६ बाइटचा छोटा कोड, त्याच्या पाठोपाठ पहिलं पार्टिशन सुरू होण्याआधीच्या रिकाम्या पट्टीत दुसरा भाग, आणि बाकी सगळं उबुंटूच्या पार्टिशनमध्ये. तुम्ही तिसरा तुकडा काढला, पहिले दोन अजून त्यालाच शोधतायत.

विंडोज १० ची इन्स्टॉलेशन यूएसबी करा, तिच्यावरून बूट करा, इन्स्टॉल नाऊ न दाबता खाली डावीकडे रिपेअर युवर कॉम्प्युटर, ट्रबलशूट, कमांड प्रॉम्प्ट. तिथे 'बूटरेक /फिक्सएमबीआर', एंटर, यूएसबी काढून रीस्टार्ट. बस एवढंच. यूएसबीवरून बूट करताना मेनूत तिच्या नावापुढे यूईएफआय नसलेला पर्याय निवडा. फिक्सएमबीआरने पहिल्या सेक्टरमधला फक्त कोड बदलतो, पार्टिशन टेबलला हात लागत नाही.

त्या मोकळ्या जागेत आत्ताच काही नवं बनवू नका. उबुंटूत काही राहिलं असेल तर लाइव्ह यूएसबीवरून टेस्टडिस्कने ते पार्टिशन परत सापडतं, पण वर काही लिहिलं गेलं नसेल तरच.

वाचणाऱ्या यूईएफआयवाल्यांनी हे त्यांच्या मशीनवर करू नये, तिथे फिक्सएमबीआरचा काही उपयोग नाही. तिथे उबुंटू काढण्याआधी बायॉसच्या बूट क्रमात विंडोज बूट मॅनेजर वर आणायचं, मग पार्टिशन डिलीट करायचं, आणि ईएफआयमधला उबुंटूचा फोल्डर शेवटी काढायचा. ईएफआय पार्टिशन कधीही फॉरमॅट करायचं नाही, विंडोजचा बूटलोडरही त्यातच असतो. ते चुकून झालंच तर याच कमांड प्रॉम्प्टमधून डिस्कपार्टने ईएफआयला एस हे अक्षर द्यायचं, आणि 'बीसीडीबूट सी:\विंडोज /एस एस: /एफ यूईएफआय'. यूएसबीवरून बूट केलं असताना विंडोजच्या ड्राइव्हचं अक्षर सी असेलच असं नाही, 'डीआयआर' करून आधी खात्री करा.

कळफलक

शिंपला, विंडोज सुरू झालं की एक लक्षात ठेवा. एमबीआरवर चारच प्रायमरी पार्टिशनं होतात. पाचवं करायला गेलात तर डिस्क मॅनेजमेंट एक खिडकी दाखवतं, बेसिक डिस्क डायनॅमिक करू का अशी. तिथे नो म्हणा. येस दाबलं की डिस्क डायनॅमिक होते, आणि पुढे कुठलंही लिनक्स त्यावर इन्स्टॉल करायला गेलात तर इन्स्टॉलर अडतो. परत बेसिक करायला विंडोजचं स्वतःचं साधन सगळे व्हॉल्यूम डिलीट करायला लावतं.

मशीनला यूईएफआय असेल तर आता उबुंटू गेलेलंच आहे, डिस्कचं जीपीटीत रूपांतर करता येईल का ते 'एमबीआर२जीपीटी /व्हॅलिडेट /अलाउफुलओएस' चालवून बघा. प्रायमरी पार्टिशनं तीनपेक्षा जास्त नसावीत आणि एक्स्टेंडेड पार्टिशन अजिबात नसावं, या दोन अटींवर ते बहुतेक वेळा अडतं. उबुंटूचं लॉजिकल पार्टिशन काढलं तरी त्याच्याभोवतीचं एक्स्टेंडेड हिरव्या चौकटीत तसंच उरतं. उबुंटूतलं काही परत नको आहे याची खात्री झाल्यावर तेही डिलीट करा. रूपांतर झालं की बायॉसमध्ये लेगसी बदलून यूईएफआय करायचं, तोवर बूट होणार नाही.

शिंपला

फिक्सएमबीआरने विंडोज आलं. हिरवी चौकट खरंच उरली होती.

रानवारा

सातही पायऱ्या झाल्या. रूट ९८ जीबी, डी ५५ जीबी. रोबोकॉपीला /ए-:एसएच दिलं होतं, फेल्ड शून्य. एकच अडलं: नव्या डी वरचं उबुंटूत फक्त वाचता येतंय, लिहिता येत नाही. एफएसटॅबमध्ये प्रकार एनटीएफएस लिहिलाय.

उत्तरध्रुव

'पॉवरसीएफजी /एच ऑफ' केलं होतं का? नसेल तर तेच कारण. विंडोज झोपेत असताना डी सुद्धा त्याच्या हातात असतो, म्हणून एनटीएफएस-३जी (उबुंटूतला एनटीएफएसचा ड्रायव्हर) तो फक्त वाचण्यापुरता उघडतं. जबरदस्तीने लिहायला लावणारे पर्याय इंटरनेटवर सापडतील, ते वापरू नका, विंडोज जागं झाल्यावर त्याच्या आठवणीतलं आणि डिस्कवरचं जुळत नाही आणि फाइली खराब होतात. विंडोजमध्ये जाऊन ती कमांड द्या, 'सीएचकेडीएसके डी: /एफ' चालवा, पूर्ण शटडाउन करा आणि मग उबुंटूत या. 'एनटीएफएसफिक्स' हे सीएचकेडीएसकेच्या जागी वापरू नका. ते किरकोळ विसंगती दुरुस्त करून जर्नल रिकामं करतं, पूर्ण तपासणी करत नाही.

रानवारा

तेच होतं, कमांड द्यायची राहिली होती. आता लिहिता येतंय.